हिल्का मावशीचे आकडे

आमच्या फिनलंडात मतपत्रिकेवर नावं नसतात,
घड्याळ, कंदील, काही नसतं.
एक कोरं वर्तुळ असतं.
त्यात पेन्सिलीनं उमेदवाराचा आकडा लिहायचा,
घडी घालायची, शिक्का मारून घ्यायचा.
पहिल्या वेळी मावशीचा आकडा आला
एकशे एकाहत्तर.
हातात हात घेऊन ती प्रत्येकाला बजावायची,
"साताच्या पोटात रेघ मारा हं,
नाहीतर एक समजतील मेले."

सत्तावीस वर्षं ती जिल्हा इस्पितळात सुईण.
मग बाळंतपणाचा वॉर्डच बंद झाला,
पुढचा एकशे चाळीस किलोमीटरवर.
पोरं टॅक्सीत व्हायला लागली,
एक तर पेट्रोल पंपावर, पावतीच्या रांगेत.
"अर्ध्या मतदारसंघाला
मीच पहिल्यांदा रडवलंय," मावशी म्हणाली,
"मला नाही देणार तर देतील कुणाला?"

दिली कुणाला तरी.
तिच्या हातावर जन्मलेले: एकोणीसशे बारा.
मतं: तीनशे अकरा.
वाटाण्याचं सूप उरलं, लष्करी पातेलं भरून.
आठवडाभर आम्ही दोघं तेच खात होतो
आणि वॉर्डाबद्दल बोलत नव्हतो.

दुसऱ्या वेळी अठ्ठेचाळीस.
रस्त्याकडेच्या पत्र्यावर ओळीनं सगळे चेहरे,
त्यात तिच्याच चेहऱ्याला कुणीतरी मिशा काढल्या.
मी फडकं घेऊन निघालो, तर म्हणे,
"राहू दे. बाबांसारखी दिसतेय."
दोनशे चौऱ्याहत्तर.
ती पक्षाच्या यादीत जमा झाली,
आणि त्या बेरजेवर दुसराच एक जण संसदेत गेला.
त्यानं आभाराचं कार्ड धाडलं,
आडनाव चुकवून.
फ्रिजवर अजून आहे ते, माशाच्या चुंबकाखाली.

तिसऱ्यांदा का उभी राहिली, मला विचारू नका.
मी तेव्हा फक्त व्हॅन चालवत होतो.
आकडा होता दोनशे तीन, मतं त्याच्याहून कमी,
तिथपर्यंत आपण हसू शकतो.
पण केंद्रनिहाय यादी वाचता वाचता ती थांबली.
हाउकिलाम्पी: एक.

"तिथे मी कुणाला ओळखत नाही," मावशी म्हणाली.
"एकही बाळंतपण नाही तिथलं."

वेलदोड्याचा पाव भाजून आम्ही गेलो.
एप्रिल होता, तळ्यावरचा बर्फ
करडा, कुजका, पाय ठेवू नये असा.
सात घरं.
प्रत्येक घरात कॉफी,
आणि प्रत्येक घरात कुणीतरी
पाव कापता कापता, वर न बघता म्हणालं,
"मीच दिलं होतं."
एक म्हातारा मात्र काहीच बोलला नाही.
त्यानं दाराशी रचलेल्या लाकडांतली चार
आमच्या व्हॅनमध्ये टाकली.
त्याच्या बायकोनं सांगितलं, "ह्यांनीच."

परतताना सात कप कॉफीनं मावशीचे हात थरथरत होते.
"सातांतले सहा खोटारडे," ती म्हणाली,
आणि निवडून आल्यासारखी हसली.

चौथ्या वेळी चारशे दोन.
वर्तमानपत्रवाल्याचा फोन आला,
पक्षाच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या,
कुणीतरी केक आणायला धावलं.
मावशी यादीवर बोट ठेवून बसली होती.
हाउकिलाम्पी: शून्य.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
शून्य.

मी म्हटलं, अगं, एकूण तर वाढली ना.
ती कोटाची बटणं लावत होती,
खालून वर, एक चुकवत.
"किल्ली दे," म्हणाली.
"अकरा वाजलेत रात्रीचे."
"तिथलं कोण गेलं ते बघायला नको?"

रस्ता अर्धा चिखल, अर्धा बर्फ.
मागे तिचे जुने फलक होते, चारही आकडे,
दर वळणाला एकमेकांवर आपटायचे.
ती पुढे बघत होती,
सातातले किती दिवे लागलेत ते मोजायला
अजून वीस किलोमीटर होते.